उजनीचे पक्षी, चिलापी आणि गावभर पसरलेलं पित्त

"ताई, तुला फ्लेमिंगो बघायचेत ना? मग ये की सोलापूरला. येताना गाडी घेऊन ये."

धाकट्या बहिणीचा असा फोन आला, की शहाण्या माणसानं आधी विचारावं, तुझं काम काय आहे ते सांग. मी विचारलं नाही. दुर्बीण शोधली, नवऱ्याला फ्रीजमधले डबे दाखवले आणि शनिवारी सकाळी पुण्याहून निघाले. तिच्या प्रोजेक्टच्या जीपचा ड्रायव्हर भाच्याच्या लग्नाला गेलाय आणि त्याच्या जागी माझी नेमणूक झाली आहे, हे मला मोडनिंबला चहा पिताना फोनवर कळलं.

ही माझी बहीण मेघना. बाळंतपणाची डॉक्टर. सोलापुरात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहे, तिचा नवरा प्रशांत चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे. काही बायकांचं बीपी गरोदरपणात पुढे जाऊन एकदम वाढतं आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. हा धोका पहिल्या तीन महिन्यांतच ओळखला तर एक साधी गोळी वेळेत सुरू करता येते. ही तपासणी खेड्यात, लोकांच्या दारापर्यंत नेता येईल का, यावर तिचं संशोधन चालू आहे. तिनं हाच विषय का घेतला, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं स्वतःचं बाळ सातव्या महिन्यात ह्याच बीपीनं गेलं.

रस्त्याबद्दल: पुणे-सोलापूर हायवे उत्तम आहे, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. हिवाळ्यात ऊस तोडणी चालू असते, त्यामुळे ट्रॉल्या दिसल्या की ओव्हरटेकची घाई नको. उजनीचं पाणी या रस्त्यावर सोलापूरच्या पुष्कळ आधी लागतं. म्हणजे मी शनिवारी पक्षी मागे टाकून सोलापूरला गेले आणि रविवारी पहाटे मेघनाला घेऊन त्याच रस्त्यानं उलटी आले. हे नियोजन डॉक्टरांचं होतं.

शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि वांग्याची भाजी होती. मी तुटून पडले. मेघना दहीभात चिवडत बसली.

"काय गं?"

"पित्त झालंय जरा."

प्रशांतनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि हवापाण्याचा विषय काढला. तो एरवी जेवताना बोलत नाही.

रविवारी टेंभुर्णीच्या अलीकडे आम्ही आत वळलो. पुढचा रस्ता उसातून जातो, समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी उसात शिरायचं असतं आणि तो कुणीतरी ट्रॅक्टर नसतो. गावाच्या तोंडाशी आशाताई स्कूटीवर थांबल्या होत्या. गावातल्या गरोदर बायकांची काळजी घेणाऱ्या या बाई, बोलायला फटकळ आणि मनानं मोकळ्या. मी विचारलं, तीन महिन्यांच्या आतल्या किती जणी भेटतील?

"ताई, आमच्या गावात चौथ्या महिन्याआदी कुणालाच दिवस जात न्हाईत," त्या म्हणाल्या. "तवर समद्यांना पित्त असतं."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पहिल्याच घरी सासूबाई म्हणाल्या, "सुनंला काय न्हाय, पित्त झालंय." सून आत ओकत होती. दुसऱ्या घरी पित्तच. इकडची रीतच तशी आहे. तीन महिने पुरे झाल्याशिवाय शेजारणीला काय, माहेरीसुद्धा कळवत नाहीत. नजर लागते म्हणतात. आणि मेघनाची सगळी तपासणी नेमकी याच तीन महिन्यांत व्हायला हवी. संशोधन करायला असा मुहूर्त शोधून काढणारी माझी बहीण एकटीच असेल.

तिची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. आत जायचं, पाणी मागायचं, केळीला भाव काय मिळाला ते विचारायचं. मग बॅग उघडून बीपीचं मशीन काढायचं आणि म्हणायचं, "हे आमच्या ताईचं बघते हां, त्यांना गाडी चालवून दमायला होतं." तो पट्टा दंड आवळतो, त्यानं रक्त अडतं अशी बायकांना भीती असते. म्हणून आधी एखाद्याच्या दंडावर नमुना दाखवायचा. तो नमुना मी. दुपारपर्यंत माझं बीपी अर्ध्या गावानं पाहिलं होतं आणि त्यावर मतंही दिली होती. एक आजी म्हणाल्या, "एवढ्या जाड बाईला बीपी न्हाय म्हंजी मशीन बिघडलंय."

जेवायला पाण्याकाठच्या एका पत्र्याच्या हॉटेलात थांबलो. चिलापी फ्राय, ज्वारीची भाकरी, तिखट रस्सा. माझं आणि आशाताईंचं मिळून सिनेमाच्या एका तिकिटाएवढं बिल होतं आणि मासा तासापूर्वी पाण्यात होता. नक्की जा, फक्त रस्सा कमी तिखट सांगा, ते ऐकणार नाहीत तरी सांगा. मेघना लहानपणी माशाचे काटे चोखून आईच्या शिव्या खायची. ती त्या दिवशी बाहेर बाजेवर, वाऱ्याच्या बाजूला तोंड करून बसली होती.

"पित्त?" मी आतून ओरडून विचारलं.

"गप जेव," ती म्हणाली.

मी जेवले. माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण माझ्यापुढे चिलापी होती.

शेवटचं घर शालनमावशींचं, केळीच्या बागेत. (नावं बदलली आहेत.) मोटारींचे पाइप ओलांडत तिथं पोचलो. मावशी दारातच म्हणाल्या, "राणीला काय न्हाय हां म्याडम. पित्तानं हैराण हाय नुसती." राणी त्यांची सून, विशीतली, ओढणीचा बोळा तोंडाशी धरून चौकटीत उभी. मेघनानं पाणी मागितलं, केळीचा भाव विचारला आणि मशीन काढलं. मी सवयीनं बाही वर केली.

"ह्यांचं कशाला?" राणी म्हणाली. "तुमचंच दाखवा की. मग मी बी करीन."

मेघना हसली. "अगं, माझं रोजच बघते मी."

"मग अजून एकदा बघा की. तुमाला काय भ्या हाय?"

मावशी, आशाताई, शेजारून आलेल्या दोन बायका, सगळ्या बघत होत्या. मेघनानं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि बटण दाबलं. मी मागे उभी होते. त्या दिवशी इतक्या वेळा पट्टा बांधून घेतल्यावर चांगला आकडा कोणता आणि वाईट कोणता, एवढं मलाही कळायला लागलं होतं. हा आकडा चांगला नव्हता.

तिनं पटकन मशीन उलटं धरलं. "बॅटरी उतरलीय वाटतं."

मी पट्टा तिच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या दंडाला बांधला. माझं बीपी सकाळपासून होतं तसंच, ठणठणीत. बॅटरीला काही झालं नव्हतं.

तिनं पुन्हा स्वतःचं बघितलं. पुन्हा तेच.

शालनमावशींनी मेघनाच्या तोंडाकडे बघितलं, तिनं न पिता बाजूला ठेवलेल्या चहाकडे बघितलं.

"म्याडम," त्या हळूच म्हणाल्या, "तुमाला बी पित्त झालंय व्हय?"

मेघना आधी हसली. खूप हसली. मग ओट्यावर बसली आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. मला राग आला होता आणि भीती वाटत होती, आणि यातलं आधी काय बोलायचं ते कळत नव्हतं. माझ्याऐवजी राणी पुढे आली. पट्टा उचलून स्वतःच्या दंडाला लावत म्हणाली, "मला बी हाय. तिसरा लागलाय. घ्या." मावशींनी कपाळावर हात मारला, पण सुनेला अडवलं नाही. मेघनानं डोळे पुसले, राणीचे दोन्ही दंड तपासले, रक्त घेतलं, पुढच्या सोनोग्राफीचं नीट समजावलं. राणीचं सगळं छान होतं.

नंतर आम्ही दोघी पाण्याकाठी गेलो. फ्लेमिंगो होते. लांब, पलीकडच्या चिखलात, गुलाबी रंग असल्याचा नुसता भास. होडीवाले जवळ नेतात, सकाळी लवकर जा, दर आधी ठरवून घ्या. आम्ही होडी केली नाही.

"मागच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले होते मी," मेघना म्हणाली. "मग बाळ गेल्यावर त्या प्रत्येक घराचा फोन आला. प्रत्येकाला तेच सांगायचं. वॉर्डातल्या मावशींना, लिफ्टवाल्या काकांना, सगळ्यांना. ह्या वेळी मी म्हटलं, आधी राहू दे तर खरं."

"आणि तपासणी?"

"माझ्याच हॉस्पिटलात जाऊन करू? टेबलावर आडवी व्हायच्या आत कँटीनपर्यंत बातमी जाईल."

"आणि बीपी? रोज बघते म्हणालीस."

"बायकांचं बघते. माझं बघायची हिंमत होत नाही गं ताई."

गावोगाव फिरून बायकांना लवकर या म्हणणारी, त्या येत नाहीत म्हणून रात्रीची झोप घालवणारी ही बाई. तिला दोन शब्द सुनवायची इतकी चांगली संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पुण्याला चल. तिथं तुझे लिफ्टवाले काका नाहीत."

म्हणून परतीचा प्रवास सोमवारी दोघींचा झाला. इंदापूरच्या पुढे तिला एकदा उतरावं लागलं, तेवढं सोडलं तर रस्ता छान. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि मेघनाला तिचीच भाषा ऐकवली: धोका जास्त आहे, पण तुम्ही वेळेत आलात. बीपीचं औषध सुरू झालं, रोज झोपताना घ्यायची ती छोटी गोळीही सुरू झाली. मेघना शाळकरी मुलीसारखी मान हलवत होती. मी फोटो काढणार होते, पण तिनं डोळे वटारले.

पक्षी बघायला म्हणून गेले आणि दुर्बीण पिशवीतून निघालीच नाही. तरी उजनी आता माझ्या मनात आहे ती त्या ओट्यामुळे. माझ्याजवळ बसून माझीच बहीण दोन दिवस घाबरत होती आणि मी तिला पित्तावरून चिडवत होते. पुढचं अजून काही ठरलेलं नाही. सातवा महिना यायचाय आणि त्याची धास्ती आम्हा सगळ्यांनाच आहे. पण आता ती एकटी घाबरत नाही, एवढा फरक पडलाय.

ही पोस्ट लिहून बरेच दिवस झाले. लेखिकेला परवानगी नव्हती. आज दुपारी मेघनाचा फोटो आला. तेच अंगण, तीच केळी, कोपऱ्यात शालनमावशींचं अर्धं बोट. ओट्यावर माझी बहीण बसली आहे, पट्टा तिच्या दंडाला आहे आणि मशीनचं बटण राणी दाबते आहे. समोर पाच-सहा अनोळखी बायका, त्यातल्या दोघींच्या तोंडाशी पदर.

खाली लिहिलं होतं, "टाक तुझी पोस्ट. आता दारात गेल्यावर आधी माझंच सांगते. आणि आज नमुना मी."