आपल्याच शब्दांविरुद्ध उभे राहिलेले तात्यासाहेब

तात्यासाहेब पारख्यांना मी पहिल्यांदा भेटलो तो तुकोगंजातल्या त्यांच्या कचेरीत. मध्यभारत राज्य नुकतेच झाले होते. वकिलीची सनद घेऊन मी धारहून इंदूरला आलो होतो आणि शहरात ओळखीचे कोणी नव्हते. उमेदवारी कोणाकडे करावी असे विचारले की लोक तात्यासाहेबांचेच नाव सांगत. मी आपली माहिती सांगू लागलो, तोच त्यांनी मध्ये विचारले, "राहता कुठे?"

"स्टेशनजवळच्या धर्मशाळेत."

"ते उतरणं झालं. राहण्याचं काय?"

राहण्याचे काहीच ठरले नव्हते. सिंधमधून आलेली कुटुंबे, गिरण्यांतले कामगार, नव्या सरकारच्या कचेऱ्यांतले कारकून, सगळेच तेव्हा इंदुरात जागा शोधत फिरत होते. तात्यासाहेब त्याच संध्याकाळी मला बड्या गणपतीजवळच्या आपल्या घरी घेऊन गेले. पत्नी माईसाहेबांना म्हणाले, "वरची खोली यांना देऊ या. डोक्यावर छप्पर नसलं तर कायदा डोक्यात शिरत नाही."

"देऊ की," माईसाहेब म्हणाल्या. "पण सकाळचा चहा खाली येऊन घ्यायचा, एवढी आमची अट." माझे लग्न होईपर्यंत मी त्या खोलीत राहिलो. दुसरी कोणतीही अट मला कधी घातली गेली नाही.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहिणार हे कळल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "गोदूबाईंचं प्रकरण लिहा. ते वगळलंत तर बाकीचं सगळं खोटं पडेल." म्हणून ते लिहितो.

गोदूबाई या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या सुईण. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. पण त्या भागातली निम्मी मुले त्यांच्याच हातांवर जन्मली असे लोक म्हणत. एके दिवशी त्या कचेरीत आल्या आणि उभ्याउभ्याच बोलू लागल्या, "साहेब, मालक मकान खाली कर म्हणतो. म्हणतो, तुझ्याकडे रात्री-बेरात्री लोक येतात, दरवाजा ठोकतात. आता बाळ काय घड्याळ पाहून येतं का? खाली करून मी जाऊ कुठं? दुसऱ्या मोहल्ल्यात गेले तर बायांना मी सापडणार कशी?"

त्यांनी किरायानामा पुढे केला. दिवे लागल्यावर परक्या माणसाला दारात येऊ देणार नाही, मालकांना गैरसोय वाटली तर ते सांगतील त्या दिवशी जागा मोकळी करीन, आणि त्याविरुद्ध कोणत्याही कोर्टात दाद मागणार नाही, अशा अटींखाली गोदूबाईंचा अंगठा होता. तात्यासाहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि समोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बाई, आधी बसा. या अटी माझ्या आहेत. राजवाड्याभोवतीच्या घरमालकांना मीच हा मसुदा करून दिला होता, त्यावरूनच तुमच्या मालकांनी हा उतरवला. तुम्हाला दुसरा वकील हवा असेल तर मी स्वतः चांगला पाहून देतो."

गोदूबाई खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "गाठ तुम्ही बांधली, तर ती कुठं आहे ते तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच सोडा."

राज्यात तेव्हा जागा नियंत्रणाचा नवा कायदा आला होता. कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो, असा त्याचा रोख होता. तरी घरमालक जुनेच किरायानामे पुढे करीत, आणि आपणच अंगठा दिला आहे या धाकाने भाडेकरू निमूटपणे निघून जात. सुनावणीच्या दिवशी गल्लीतल्या कितीतरी बायका कडेवर मुले घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. मालकांचे वकील तात्यासाहेबांना चांगले ओळखत. ते हसत न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, ज्या अटी अन्यायाच्या म्हणून सांगितल्या जात आहेत, त्या लिहिल्या कोणी, हे आमच्या मित्रांनाच विचारावं."

मी खाली मान घातली. तात्यासाहेब मात्र सावकाश उठले. "मी लिहिल्या," ते म्हणाले. "तेव्हा माझ्यासमोर फक्त मालक बसलेले असत. भाडेकरू कोण असेल, त्याचं काम काय असेल, हे मी कधी विचारलं नाही. या बाईंना तेव्हा दुसरी खोली मिळत नव्हती. जिला दुसरी वाटच नाही, तिच्या अंगठ्याला राजीखुशी म्हणता येत नाही. हे मला फार आधी कळायला हवं होतं."

निकाल गोदूबाईंच्या बाजूने लागला. करारातल्या त्या अटींच्या जोरावर त्यांना जागेतून काढता येणार नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितले. बाहेर येताच गोदूबाईंनी वाकून तात्यासाहेबांच्या पायांना हात लावू पाहिला, तर मागे सरून तात्यासाहेबांनीच बाईंना हात जोडले.

तिथेच थांबले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. पण पुढचे कितीतरी रविवार ते जुन्या पक्षकारांच्या घरी जात राहिले. मीही बरोबर असे. "त्या अटी काढून टाका, नवा किरायानामा मी विनामूल्य करून देतो," असे ते सांगत. काहींनी मानले. एक शेठजी पेढीवर बसल्या जागेवरूनच म्हणाले, "वकीलसाहब, लिखा हुआ तो लिखा हुआ है. अब आप हमारे काम के नहीं रहे." तात्यासाहेबांनी नमस्कार केला आणि पायऱ्या उतरले. चालताना मला म्हणाले, "रागावू नका. ही भाषा त्यांना मीच शिकवली." त्यानंतर कचेरीतली गर्दी रोडावली, पण त्याबद्दल ते घरात किंवा बाहेर कधी कुरकुरले नाहीत. माईसाहेब एवढेच म्हणत, "आता हे जेवायला वेळेवर येतात, हे काय थोडं झालं?"

गेली दोन-तीन वर्षे मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हते. आवाजावरून ते आम्हाला ओळखत, आणि सकाळी मी त्यांना कागद वाचून दाखवीत असे. या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा नवा चष्मा घालून ते पहिल्यांदा ओसरीवर बसले, तेव्हा मी समोर होतो. त्यांनी मला जवळ बोलावले, माझ्या कानशिलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, तुमचे केस पिकायला लागले की. मला कोणी सांगितलंच नाही."

आपल्या राज्याची नवी रचना होणार, मध्यभारत हे नाव जाणार, अशी बोलणी सध्या चालली आहेत. नाव काहीही राहो, माईसाहेबांसह तात्यासाहेब आमच्यात राहोत. त्यांचे पाय चालते राहोत, नजर अशीच लख्ख राहो, आणि आम्हा शिष्यांचे उरलेले काळे केसही त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरे होवोत.