आईचा पहिला शब्द

दातांना लावायच्या मशेरीची तंबाखू भाजल्याचा वास आला, की पनवेलजवळचं आमचं मिठागराकाठचं घर आठवतं. जिभेच्या कॅन्सरचं मुंबईला ऑपरेशन करून आई त्या दिवशी परत येणार होती. "अर्धी जीभ कापलीय, आता ती बोलायची नाय," असं गाव म्हणत होतं. मी मात्र सकाळपासून उड्या मारत होते. आई उंबऱ्यात आली आणि आत्याने हौसेने डबी पुढे केली, "वैनी, घे, तुझ्यासाठी ताजी मशेरी भाजलीय." डॉक्टरांनी तीच सोडायला सांगितलीय, हे तिला कुठून कळणार! आईने डबी हिसकावून दारासमोरच्या खाडीत भिरकावली आणि ओरडली, "नाय!" "आय बोलली! आय बोलली!" करत मी बांधाबांधाने गावभर धावले. पुढे आई वीस वर्षं बोलली, बोबडं, पण मनसोक्त. आता मला कानांनी कमी ऐकू येतं. तो "नाय" मात्र लख्ख ऐकू येतो.