उडत्या पोस्टमनचं शेवटचं पान

आमची चौकी सरहद्दीजवळच्या एका डोंगरावर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. रेडिओ सेट लान्स नायक दत्ताकडे. आम्ही दोघं आष्टीचे, शाळेत एका बाकावर बसलेले. सकाळी साडेसहाला पेट्रोलिंगला निघायचं, दुपारी दोनच्या आत परत. वाटेत चहाला थांबलो की आमचा वाद ठरलेला, आणि विषय एकच, उडता पोस्टमन.

आष्टीच्या बाजारात एक म्हातारा दोरीवर कॉमिक्स टांगून भाड्यानं द्यायचा. घरी न्यायची नाहीत, तिथंच गोणपाटावर बसून वाचायची. एका अंकाच्या भाड्यात आम्ही दोघं वाचायचो. आधी दत्ता वाचणार, मग मी, असा करार होता. आमचा लाडका उडता पोस्टमन. खाकी टोपी, पाठीला पंख, आणि काहीही होवो, पत्र पोचवणारच. एका अंकात वादळात त्याचा पंख मोडतो. पुढे दरी, पलीकडे पत्राची वाट बघणारं गाव. आणि नेमकं शेवटचं पान गायब!

मी म्हणायचो, शहाणा माणूस मागे फिरून लांबच्या वाटेनं जाईल. दत्ता म्हणायचा, "उडी मारली त्यानं. बिलकुल मारली." पंचवीस वर्षं आम्ही हेच भांडत होतो. सेक्शनमधली पोरं कंटाळून गेली होती.

त्या दिवशी अकरा वीसला समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून फायर आला. आम्ही नाल्यात आडवे झालो. एका शिपायाच्या मांडीला गोळी लागली. पट्टी घट्ट आवळली, तरी रक्त थांबेना. खोलगटात रेडिओ लागत नव्हता. चौकीला कळवायचं तर वरच्या धारेवर जाणं भाग होतं. सरळ चढलं तर ऐंशी मीटर उघडा चढ. नाल्यानं वळसा घातला तर आडोसा मिळत होता, पण पाऊण तास लागणार होता.

"वळशानं जा," मी म्हणालो.

दत्तानं शिपायाकडे बघितलं. "एवढा टाइम न्हाई त्याच्याजवळ. मी सरळ जाऊन राह्यलो."

"दत्ता, ऑर्डर आहे."

"मंग ऑर्डर बदल. जल्दी."

शिपायाचे ओठ पांढरे पडले होते. मी ऑर्डर बदलली. "कव्हरिंग फायर!" आम्ही सगळ्यांनी सोंडेवर मारा धरला, आणि दत्ता निघाला. दोनदा पडला, दोनदा उठला. धारेवरच्या खडकाआड गुडघ्यावर बसून तो बोलताना दिसला. मग त्यानं हात वर केला. मेसेज गेला होता.

तो हात खाली आला तो एकदम आला. बारा दहाला कुमक पोचली. शिपाई वाचला. दत्ता गेला होता.

त्याची ट्रंक घेऊन मी आष्टीला गेलो. मेंढरं दारात बांधलेली होती. त्याच्या आईनं, माझ्या मावशींनी, ट्रंक उघडली. गणवेशाखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळं पान होतं. उडता पोस्टमन मोडका पंख सावरत मागे वळलाय. खालच्या चित्रात तो दुसऱ्या दिवशी, पायी, पत्र घेऊन गावात शिरतोय.

"हे दत्ताकडे कसं?" मी विचारलं.

"यानंच फाडलं होतं की ते," मावशी म्हणाल्या. "बाजारातला म्हातारा घरी आल्ता भांडायला. लई मारलं मी दत्ताला. तर म्हणला, आई, शेवट चुकीचा छापलाय. पोस्टमन असं करत न्हाई."

वाद मी जिंकलो होतो, आणि मला ढसाढसा रडू आलं.

पान मी मावशींजवळच ठेवलं. तो शिपाई आता चालतो, थोडा लंगडतो. दरवर्षी आष्टीला येतो आणि मावशींच्या पाया पडतो. मागच्या खेपेला त्यानं मला विचारलं, "साहेब, त्या पोस्टमनचं शेवटी काय झालं?"

मी म्हणालो, "उडी मारली त्यानं. बिलकुल मारली."