‘घाई नाही’ लिहिणारे काका

मंडळी, आमच्या ईमेल कंपनीच्या इंदिरानगरच्या ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारींचे मेल माझी छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, क्रमाने लावते. ‘अर्जंट’ शब्द दिसला की मेल वर, नाहीतर खाली.

आज सकाळी सुनंदाअक्का तळाच्या एका मेलवर थांबल्या. त्या माझ्या सीनियर, इथल्याच, कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरातल्या. हेब्बाळच्या एका काकांनी लिहिलं होतं, ‘घाई नाही. सवडीने स्वल्प, थोडंसं बघा. अमेरिकेतल्या मुलीचे मेल येत नाहीत. तिचे दिवस भरलेत.’

मी म्हटलं, “दुपारी बघतो.”

“अरे, आमच्याकडे घाई आहे असं कुणी लिहीत नाही. घाई नाही म्हणतायत म्हणजे जीव टांगणीला लागलाय. लॉग बघ.”

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, दिसलं, काकांचा मेलबॉक्स भरलाय आणि मुलीचे मेल परत जातायत. लगेच जागा करून दिली. मग स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: ‘घाई नाही’ दिसलं की मेल सगळ्यात वर.

अक्का नसत्या तर काका अजून वाट बघत बसले असते.

आत्ता संध्याकाळी त्या ओळीने पहिला मेल वर आणला. काकांचाच. ‘नात झाली. पेढे ठेवलेत. घाई नाही, सवडीने या.’

अक्का ऑटो थांबवायला खाली गेल्यात, तेवढ्यात तुम्हाला लिहितोय.