कचरापेटीतली कटिंग

माझी आई शिवणकाम करते आणि कोणावरही विश्वास ठेवत नाही. दोन्ही कामं सारख्याच बारकाईने. कॉलर, बाही, गळा, तिच्या आयुष्यभराची सगळी पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, तिने कॉम्प्युटरमध्ये स्कॅन करून घातली आणि कागद जाळून टाकले. का, तर कागद कोणीही उचलतं. कॉम्प्युटरमध्ये नक्की कुठे घातली, याचा तिने कोणाला थांगपत्ता लागू दिला नाही.

परवा कॉम्प्युटर खडखडायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क मरायला टेकलीय. नवी बसवून विंडोजसकट सगळं तिच्यावर उतरवू.

"ठेवून जा मावशी, संध्याकाळी न्या."

"मी इथेच बसते."

मी ओझं उचलायला सोबत होते. आईने स्टूल त्याच्या कोपराला लागेल इतकं जवळ ओढलं.

"तो स्क्रू खिशात घातलात का?"

"नाही हो, हा काय, टेबलावर आहे."

तो हसला. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "फार गोड बोलतोय. कुठेतरी पाणी मुरतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवी डिस्क जरा लहान आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "सगळं मावणार नाही. कॉम्प्युटरच्या कचरापेटीत बरंच साचलंय, तेवढं कायमचं पुसतो."

आई स्टूलवरून उठली. "नाही."

"अहो, तुम्हीच टाकून दिलेल्या फाइली आहेत."

"नाही म्हटलं ना."

आता त्याच्या डोळ्यांत संशय आला. त्याने माउसवरचा हात काढला. "आत काय आहे ते सांगा आधी. नसतं लफडं माझ्या गळ्यात नको. आणि लवकर सांगा, ही डिस्क किती तग धरेल याचा भरवसा नाही."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गेल्या वर्षापासून मी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात कटिंग करते. त्यावर ती कधी चकार शब्द बोलली नव्हती.

"तू जरा बाहेर उभी राहा," ती म्हणाली.

"मी?"

"हो."

मी बाहेर गेले. दार काचेचं होतं, पण शिलाई मशीनच्या वरताण बोलायची सवय असलेला आईचा आवाज काचेने थोडाच अडतो.

"माझी सगळी कटिंग आहे त्यात. कचऱ्यात कोण हात घालतंय, म्हणून तिथे ठेवली. जागा हवी तर हिच्या लग्नाचे फोटो पुसा, दादा. पण हिला सांगू नका."

सकाळपासून ज्याला चोर ठरवलं, तो दादा झाला होता. मला राग आला. खरं सांगायचं तर रडूही आलं.

त्यांनी आत बोलावलं तेव्हा नव्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू झाला होता.

"आलं सगळं?" मी विचारलं.

"आलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

आईने जुनी डिस्क पर्समध्ये घातली आणि चेन लावली. मग माझ्या बाजूच्या खांद्यावरची पर्स काढून पलीकडच्या खांद्याला अडकवली. कॉम्प्युटर मी उचलला.