हंसराजाची बरणी

मायाक्काच्या स्वयंपाकघरात एक बरणी होती, आणि घरातल्या माणसांपेक्षा त्या बरणीलाच जास्त मान आहे, अशी तिच्या नवऱ्याची, धनाजीची, कायमची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. चिंचोळी एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या धनाजीला चहा मिळायचा तो बरणीची विचारपूस झाल्यावर.

बरणी लोणच्याची, काचेची. आत माती, शेवाळ आणि काळ्या बारीक देठांचं हंसराज नावाचं नेचं. मायाक्काचे वडील बिरुदेव, म्हणजे तिचे आप्पा, सांगोल्याकडं मेंढरं राखायचे. त्यांच्या विहिरीच्या कपारीत हे हंसराज वाढायचं. वडील गेले, आणि यंदा रस्ता रुंद करताना विहीरही बुजवली. बुजवायच्या आदल्या दिवशी मायाक्का या वयात दगड धरधरून खाली उतरली आणि मातीसकट एक गड्डा काढून सोलापूरला घेऊन आली. माहेरचं म्हणावं असं आता तिच्याकडं तेवढंच होतं.

पण मेंढपाळाची लेक ती! चांगलंचुंगलं खाऊ घातल्याशिवाय तिला चैन कुठलं? तिनं मेंढरांच्या लेंड्या कुस्करून ओंजळभर आत टाकल्या, वरून पाणी ओतलं आणि झाकण गच्च लावलं. रानात ज्या खतानं ज्वारी तरारते, त्यानंच बंद बरणीत घात केला. लेंड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढली. झाकण उघडलं की काळी चिलटं नाकातोंडात जायची. मातीवर बारीक पांढरे किडे टणाटण उड्या मारायला लागले आणि हंसराजाची पानं पिवळी पडत चालली.

"फेकून दे की," धनाजी म्हणाला. "रोगट मेंढरू कळपात ठेवत्यात व्हय?"

मायाक्काला असा राग आला, की त्या दिवशी धनाजीच्या चहात साखर पडलीच नाही.

चिलटांचं तिला एवढं वाटत नव्हतं. तिला धसका होता त्या पांढऱ्या किड्यांचा. तिच्या माहेरी बारीक, पांढरं आणि हलणारं जे दिसेल ती ऊ, दुसरा विचारच नाही. आणि उवांवर आप्पांचा उपाय एकच, तंबाखूचं पाणी. तिनं ते उकळून गार केलं. वाटी बरणीच्या तोंडाशी नेली, तेवढ्यात शेजारची बुद्धप्रिया डबा परत द्यायला आली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती.

"काकू, थांबा! आधी बघू तरी काय आहे ते."

तिनं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर छोटं भिंग लावलं आणि दोघी पडद्यावर वाकल्या. "चिलटं आणि बुरशी, दोन्ही या ओल्या खतामुळं. पण हे पांढरे वेगळे आहेत. स्प्रिंगटेल म्हणतात यांना. बघा, पानाला कुणी शिवत नाही. सगळे बुरशीकडंच."

मायाक्का बघत राहिली. ते इवले जीव डोकी खाली घालून बुरशीच्या कडेनं सरकत होते आणि मागं माती स्वच्छ होत होती. ही चाल तिनं जन्मभर पाहिलेली.

"अगं, ही चरत्यात की!"

"हो! आणि आले असतील तुमच्या विहिरीच्याच मातीतून."

मायाक्कानं हातातली वाटी बरणीपासून लांब केली. आपण आत्ता काय करून बसणार होतो, हे तिला आता कळलं. तिनं तंबाखूचं पाणी मोरीत ओतलं आणि डोळे पुसत हसली.

मग चिमट्यानं एकेक लेंडी वेचून काढली. चिलटांसाठी चिकट पिवळी पट्टी लावली, झाकण उघडं ठेवलं आणि पाण्याचा हात आवरला. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. पण हळूहळू चिलटं कमी झाली, बुरशी विरली, आणि एक दिवस पिवळ्या पानांच्या मधून गुंडाळलेला हिरवा कोंब वर आला.

त्या संध्याकाळी धनाजी आला तेव्हा ती बरणीसमोरच बसलेली.

"गेल्या का तुज्या उवा?"

"उवा न्हाईत अवो त्या," मायाक्का मागं न वळता म्हणाली. "आप्पांचा कळप हाय त्यो."

धनाजीनं स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसून तोही बरणीत बघायला लागला.