दंडावरचं गोंदण

आमच्या तांड्यातल्या बायकांची पक्की समजूत आहे की दागिने इथंच राहतात, वर देवाकडे बाईसोबत जातं ते फक्त गोंदण. त्यामुळे माझ्या याडीने, म्हणजे आईने, यात्रेत मशीनवाल्याकडून दंडावर 'पेनिसिलिन चालत नाही' असं गोंदून घेतलं, तेव्हा आजीने घर डोक्यावर घेतलं.

"फूल नाही, मोर नाही. देवाले काय दवाईचं नाव दाखवशीन?"

याडी सासूला भिणारी नव्हती. "दाखवीन. त्यालेबी माहीत पाहिजे, मले कोणती सुई द्यायची नाही ते."

तिला तसं कारण होतं. माझ्या जन्माआधी तिला ती सुई दिली आणि घटकेत तोंड सुजलं, श्वास अडकला. कशीबशी वाचली. पुन्हा हे औषध दिलं तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. याडीला वाचता येत नाही आणि कागद तिच्याकडे टिकत नाहीत. अंगावरचं मात्र हरवायची भीती नाही, असा तिचा हिशेब.

मागच्या हंगामात कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट तिच्या हातात घुसला. तिने हळद दाबली आणि वेचत राहिली. हट्टीपणात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. हात खांद्यापर्यंत सुजला, तापात ती बरळायला लागली. बाबा कापूस विकायला नेरला गेलेले, मी यवतमाळला कॉलेजात. आजीनेच शेजाऱ्याच्या ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं.

पुढचं मला नर्सबाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, हिला कोणती सुई बाधते का?

"बाधते," आजी म्हणाली. "नाव मले येत नाही. दंडावर गोंदून आहे."

पण त्या अक्षरांवर दंडभर घालायच्या, लग्नापासूनच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बांगड्या होत्या; एरवी सरकणाऱ्या, आता सुजेत रुतलेल्या. काही केल्या सरकेनात. नवरा असताना आमच्यात त्या उतरवत नाहीत, तोडण्याचं तर नावच काढायचं नाही. नर्सबाई थबकल्या. आजी थबकली नाही. तिने कमरेच्या चंचीतून सुपारीचा अडकित्ता काढला आणि सुनेच्या बांगड्या एकेक करून कापल्या. डॉक्टरांनी ते वाचलं आणि दुसरं औषध सुरू केलं.

मी पोचले तेव्हा याडी शुद्धीवर येत होती. उघडा दंड पाहून ती घाबरली; आमच्यात नवरा गेल्यावरच तो उघडा होतो. "माह्या बांगड्या? यायले काही झालं का?"

"माह्या पोराले काही झालं नाही. कापूस इकून राह्यला तो. बांगड्या मीच तोडल्या."

अशा दोन बायकांच्या घरची मी, हे अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगावंसं वाटलं.

आजीने ओढणीच्या टोकाने त्या अक्षरांवरचा घाम पुसला.

"वर गेल्यावर देवाले हे पयले दाखवजो," ती म्हणाली. "पण आधी मी जाईन. तू मागून ये, सावकाश."